हिचा ळ

बसच्या मधल्या दाराशी एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. बस थांबली तशी खालची माणसं उतरणाऱ्यांच्या आधीच वर घुसायला लागली. तेव्हा ती बाई त्यांना म्हणाली, "अहो, बाल आहे कडेवर, आधी उतरू द्या." बाळ नाही, बाल. मी खिडकीशी बसलो होतो. मांडीवर डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल होती, ती सरकून पायाशी पडली आणि मला वाकून उचलता येईना. बाई उतरून गेली. तिचं तोंडही मी पाहिलं नाही. सात महिन्यांपूर्वी आमच्या हिने मोठ्या दवाखान्यातल्या खाटेवरून माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. मी ती आणून दिली होती. आपण हिची शेवटची इच्छा पुरी केली, एवढं एक समाधान धरून मी सात महिने काढले होते. आणि आता, मोतीबिंदू दाखवायला जाताना, भर सकाळी बसमध्ये मला कळलं की मी भलतंच आणून दिलं. हिने नाल मागितलीच नव्हती. ही नाळ म्हणाली होती.

आमची ही म्हणजे माझी बायको. बाकीचे सगळे, मुलगा, सून, शेजारीपाजारी, आता तिच्याबद्दल बोलताना 'ती' म्हणतात. मी तसंच म्हणायला जातो आणि तोंडातून 'ही'च निघतं. सेहेचाळीस वर्षांची सवय आहे, जिभेला वळण बसलंय. हिच्या जिभेला मात्र एक वळण कधीच बसलं नाही. हिला ळ येत नसे. हिच्या माहेरी तो कुणालाच येत नसे. तिकडे डोळ्याला डोला म्हणत आणि फळाला फल. लग्नानंतर लोक हसतात हे लक्षात आल्यावर हिने एक युक्ती काढली. चारचौघांत ळ असलेला शब्दच उच्चारायचा नाही. काळोख म्हणायचं नाही, अंधार म्हणायचं. सकाळी म्हणायचं नाही, उजाडल्यावर म्हणायचं. बाळ म्हणायचं नाही, लेकरू म्हणायचं. हे इतक्या सफाईने चाले की शेजारणींना वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. घरात माझ्यापुढे मात्र सगळं मोकळं. मी छापखान्यात खिळे जुळवायचो, म्हणजे कंपॉझिटर होतो. शिशाची सुटी अक्षरं एका मोठ्या पेटीत असतात, प्रत्येक अक्षराला आपला खण, आणि एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. मी हिला म्हणायचो, तुझ्या पेटीत ळचा खणच ठेवायला विसरलेत. एकदा ळचा एक खिळा खिशातून आणला आणि हिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, घे, वापर आता. हिने तो उचलून सरळ जिभेवर ठेवला आणि तोंड उघडून मला दाखवला. मी ओरडलो, शिसं आहे ते, थुंक आधी. ही थुंकली आणि हसत सुटली. म्हणाली, आला होता की नाही तोंडात, तुम्हीच काढायला लावलात.

शेवटच्या आठवड्यात शब्द निवडून टाळायची ताकद हिच्यात राहिली नव्हती. एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाली, "आपली नाल तिथंच राहिली. एकदा तिकडे चला ना." तिकडे म्हणजे कुठे ते मला लगेच कळलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही रेसकोर्सच्या वस्तीत राहिलो होतो. खाली घोड्यांचा तबेला, वर आमची एक खोली. तबेल्याला लागून नालबंद राहायचा, घोड्यांच्या खुरांना नाल मारणारा. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी त्याने हौसेने एक जुनी नाल आमच्या दारावर ठोकून दिली होती. मला तीच आठवली. दुखण्यात माणसाला काय काय आठवेल सांगता येत नाही, असं मी मनाशी म्हटलं. तिकडे जायला बसने दीड तास, यायला दीड तास, तोवर हिच्यापाशी कोण बसणार. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यामागच्या भंगारवाल्याकडे गेलो, लोखंडाच्या ढिगात हात घालून एक झिजलेली नाल शोधली, रद्दी पेपरात गुंडाळली आणि हिच्या हातात देऊन सांगितलं की जाऊन आलो, दारावरची काढून आणली. हिने कागद सोडला. नाल उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, हिला भरून आलंय. "बरं केलंत," ही म्हणाली. त्यानंतर हिने माझ्याकडे काही मागितलं नाही, पाणीसुद्धा नर्सकडे मागायची. चौथ्या दिवशी गेली. नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत चष्मा, कंगवा आणि ती नाल घालून माझ्या हातात दिली आणि विचारलं, बाबा, हे लोखंडी काय आहे, कुठल्या मशीनचं आहे का.

कंडक्टर माझ्यापाशी येऊन सांगत होता की आजोबा, डोळ्यांचा दवाखाना मागे राहिला. मी म्हटलं, राहू दे, शेवटच्या थांब्याचं तिकीट दे. रेसकोर्स का, असं त्याने विचारलं आणि तिकीट फाडता फाडता म्हणाला, आज शर्यत नाही बरं का, घोडी रजेवर आहेत. पुढचे दोघंतिघं हसले. मीही हसलो. त्याने फाईल उचलून दिली. मी ती मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसलो, पण दिसत काही नव्हतं. इतर शब्दांना हिच्याजवळ पर्याय होते. नाळेला दुसरा शब्द नाही. म्हणायची तर नाळच म्हणावी लागते, आणि हिने म्हटली, आणि मी तिच्यातला ळ शोधला नाही. चाळीस वर्षं अक्षरं जुळवून पोट भरलं. छापखान्यात म्हणतात, कंपॉझिटर वाचत नाही, जुळवतो. उलटी अक्षरं डोळ्यांपुढून जातात, त्यांचा अर्थ डोक्यात शिरू दिला तर हात अडखळतो. मी चांगला कंपॉझिटर होतो.

आमचं पहिलं मूल त्या खोलीत झालं, सातव्या महिन्यात, आणि गेलं. आधीच गेलेलं होतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी ही उठून भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला रडण्याचा आवाज आला होता." मी म्हटलं, "घोडं असेल. खाली तबेला आहे." चार वर्षांनी, दुसऱ्या घरात असताना, मुलगा झाला. तो पहिल्यांदा रडला तेव्हा मी दवाखान्याच्या दाराबाहेर उभा होतो. आत गेलो तर ही हसत नव्हती. म्हणाली, अगदी असाच आवाज होता हो. मी म्हटलं, झालं ते झालं, आता हा आलाय ना. पुढे मुलगा मोठा झाला, शिकला, लांब गेला, दर रविवारी फोन करायला लागला, आणि तो विषय घरातून गेला असं मी समजत होतो. खरं सांगायचं तर मला ते कळायला नको होतं. रडलं नसेल, तर कुणाचा दोष नाही. पण रडलं असेल तर ते जिवंत जन्माला आलं होतं, आणि जिवंत होतं तर मी त्या वेळी कुठे होतो हा प्रश्न येतो. म्हणून माझ्यासाठी ते घोडंच होतं. हिला मात्र घोड्याचा आवाज आणि आपल्या लेकराचा आवाज यांतला फरक चव्वेचाळीस वर्षं कुणीतरी कबूल करायला हवा होता.

शेवटच्या थांब्यावर मी एकटाच उतरलो. उतरताना दाराशी थांबलो आणि मागे हात केला. हिचे गुडघे दुखायचे, उतरताना माझ्या मनगटाला धरायची. कंडक्टरला वाटलं मी त्याचा हात मागतोय. त्याने दिला. समोर रेसकोर्सचं कुंपण होतं, लांबच लांब, आणि कुंपणापलीकडे ओलं गवत. गवताचा आणि लिदेचा तोच वास. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी सगळं लहान दिसेल. तसं काही झालं नाही. मैदान तेवढंच मोठं होतं, बसायच्या पायऱ्या रिकाम्या होत्या, आणि घोड्यांचे आकडे लावायचा उंच फळा कोरा होता. मी त्या घोड्यांची नावं जुळवायचो. आमचा छापखाना याच रस्त्यावर होता आणि दर आठवड्याला शर्यतीची पुस्तिका छापायचा. कुठल्या शर्यतीत कुठला घोडा, वर कोण बसणार, घोड्यावर किती वजन. शेकडो घोड्यांची नावं माझ्या बोटांतून गेली आणि एकही शर्यत मी पाहिली नाही. रविवारी खोलीत ऐकू यायचं, आधी लोकांचा गलका चढत जायचा, मग टापा, मग एकदम शांत. ही खिडकीत उभी राहून म्हणायची, संपली वाटतं.

कुंपणाला एक रंगारी हिरवा रंग देत होता. मी जवळून गेलो तर मान वर न करता म्हणाला, बाईंना सांगा, टेकू नका, रंग ओला आहे. मी थांबलो. कुठल्या बाईंना, मी विचारलं. त्याने मागे पाहिलं, रस्ता पाहिला, आणि म्हणाला, गेल्या वाटतं, तुमच्याबरोबरच्या नव्हत्या का. मी नाही म्हटलं. पण पुढे चालताना माझी चाल आपोआप हळू झाली. ही नेहमी दोन पावलं मागे असायची. चौकात मी थांबायचो, मागे न पाहता थांबायचो, आणि पदराचा वारा लागला की रस्ता ओलांडायचो. त्या दिवशी छापखान्यासमोरच्या चौकात मी असाच थांबलो. सिग्नल दोनदा पडला. शेवटी एका बाईने विचारलं, काका, पलीकडे सोडू का.

छापखान्याच्या जागी आता फरशांचं दुकान आहे. काचेत फरशा उभ्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांत माझं प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. पहिलं मूल झालं त्या शनिवारी मी याच जागी होतो. वर्षातली सगळ्यांत मोठी शर्यत दुसऱ्या दिवशी होती. पुस्तिका छापून तयार होत्या, आणि दुपारी मालकाच्या लक्षात आलं की सातव्या घोड्यावरचं वजन छप्पन्नऐवजी पासष्ट छापलंय. आकडे उलटे पडले होते. माझ्या हातून. मालक तोंडाला येईल ते बोलला. मग शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापायच्या आणि प्रत्येक पुस्तिकेत खळीने चिकटवायच्या, असं ठरलं. मी चिकटवायला बसलो होतो. तीन वाजले होते, समोर घड्याळ होतं. नालबंद दारात आला. कातड्याचा एप्रन तसाच अंगावर, पायांत चिखल, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, घरी चला, माझ्या बायकोने बोलावलंय, लवकर झालंय सगळं. मी म्हटलं, दोन तासांत येतो. तो माझ्या खळीने भरलेल्या हातांकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी मनाशी म्हटलं, बायकांचं काम आहे, नालबंदाची बायको तिथे आहे, गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर झालीत, मी जाऊन काय करणार. आणि हे म्हणायला मला आणखी एक आधार होता. आदल्या संध्याकाळी ही म्हणाली होती, पोटात कला यायला लागल्यात. कळा म्हणायचं होतं. मला समजलं होतं. न समजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण मी म्हटलं, "कला? मग नाटकात घाल की नाव." ही हसली, पोट धरून हसली, आणि मग पोट धरूनच बसली. आणि मी जेवून झोपलो.

पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. खोलीची जमीन धुतलेली होती, अजून ओली होती. ही भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नालबंदाची बायको जिन्याखालच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, झालं, आधीच गेलेलं होतं, तिला झोपू द्या. नालबंद गाठोडं घेऊन मैदानापलीकडच्या झाडांत जाऊन आलाही होता. मी काही विचारलं नाही. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा नाही. तिचे हात धुऊन झाल्यावर त्याच नळाखाली मी माझ्या हातांची खळ धुतली. वाळून कडक झाली होती, नखाने खरवडावी लागली. महिन्याभरात आम्ही ती खोली सोडली.

गल्लीत शिरलो तेव्हा सरावाहून परतणारी चार घोडी समोरून आली. त्यांची अंगं घामाने काळी दिसत होती. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो, आणि शेवटचं घोडं अगदी माझ्यासमोर आल्यावर खिंकाळलं. मी नीट कान देऊन ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. तो आवाज मुलाच्या रडण्यासारखा नाही. जवळपासही नाही. बहिऱ्यालाही फरक कळावा. आमची जुनी खोली वर होती, तिला आता नवं दार होतं. त्यावर नाल आहे का ते मी पाहिलं नाही. खाली नालबंदाच्या जागेत मशीनवर बसून पन्नाशीची एक बाई कातड्याचा पट्टा शिवत होती. भिंतीवर लगाम आणि खोगिराचे पट्टे टांगलेले होते. तिने मला पाहिलं आणि आधी माझ्या मागे पाहिलं. "काकू नाही आल्या?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी वरच्या खोलीत राहायचो, फार वर्षांपूर्वी. ती म्हणाली, ओळखलं, तुम्ही छापखान्यातले काका. ती नालबंदाची मुलगी होती. आम्ही इथे होतो तेव्हा पाचसहा वर्षांची असेल, जिन्यावर बसून हिच्याकडून वेणी घालून घ्यायची. वडील जाऊन वीस वर्षं झाली, आता ती आणि आई दोघीच, असं तिने सांगितलं. मग मशीन चालू ठेवूनच बाकीचं सांगत गेली. काकू दर वर्षी यायच्या. कधी वर्षातून दोनदा. दुपारच्या यायच्या, आईपाशी बसायच्या, पाचच्या बसने जायच्या. मी ऐकत होतो. ही अधूनमधून म्हणायची, जरा जाऊन येते, आणि मी पेपरातून डोकं वर न काढता बरं म्हणायचो. एकदा संध्याकाळी आल्यावर हिच्या लुगड्याला कसलासा वास आला. मी म्हटलं, तबेल्यात जाऊन आलीस की काय. ही म्हणाली, हो. मी हसलो होतो. चांगला विनोद केला असं वाटलं होतं.

"काकू एकच विचारायच्या," मुलगी म्हणाली. "रडलं होतं का. आणि आई एकच सांगायची. नवऱ्याला घेऊन ये. दोघं या, मग सांगते." एकदा मुलगीच आईवर चिडली होती. म्हणाली होती, बिचारी इतक्या लांबून येते, हो की नाही एवढं सांगून टाक ना. त्यावर आई म्हणाली की तिला एकटीला सांगितलं तर ती एकटीच वाहील, वाहायला दोघं लागतात. काकूंना विचारलं की काकांना का आणत नाही, तर म्हणायच्या, त्यांचं काम असतं. निवृत्त झाल्यावरही तेच म्हणायच्या. मुलीने दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, आज त्या मागून येतायत का. मी सांगितलं. सात महिने झाले म्हटलं. तिने मशीन थांबवलं. बराच वेळ ती पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली की आईला हे सांगू नका. आईला आजचं काही आठवत नाही, सकाळी काय खाल्लं तेही नाही, पण जुनं एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. आणि दोघं या म्हणजे दोघं या. मला काही ती सांगत नाही. तुम्हाला एकट्याला सांगेल असं वाटत नाही, काका.

आतल्या खोलीत जायला एक पायरी होती. तिथे मी थांबलो. मागे फिरलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दुपारीही पेशंट घेतात. पण मागे फिरून घरी गेलो की संध्याकाळ होणार, आणि दिवा लावल्यावर खाटेच्या पलीकडच्या बाजूने कुणीतरी विचारणार, रडलं होतं का. सात महिने ते मला ऐकू येत होतं. शेजारचा टीव्ही असेल, नळ असेल, मांजर असेल, असं मी म्हणत आलो होतो. मी पायरी उतरलो.

म्हातारी खाटेवर बसली होती, पाय खाली सोडून. अंग वाळलेलं, पण हात तेच, रुंद, बोटांच्या पेरांशी जाड. खाटेशेजारी एक स्टूल होतं. मुलीने तिच्या कानाशी वाकून सांगितलं, छापखान्यातले काका आलेत. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या डोळ्यांवर निळसर साय आली होती, तरी मला वाटलं ती माझे हात पाहतेय. मी ते मागे घेतले.

"झाले का तुमचे दोन तास?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "झाले."

ती मान डोलवत राहिली. मग म्हणाली की गेल्या आठवड्यात तुमची मंडळी येऊन गेली, पाय फार सुजले होते तिचे, औषध देता की नाही. मी म्हटलं, देतो. ती कुठे आहे, म्हातारीने विचारलं. मुलगी माझ्यामागे दारात उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. खरं सांगितलं असतं तर हिचा प्रश्न कायमचा तिथेच राहिला असता, त्या म्हातारीच्या पोटात, आणि तिच्याबरोबर गेला असता. मी हिच्याशी पुष्कळ खोटं बोललो होतो. हिच्यासाठी कधी बोललो नव्हतो.

"बाहेर आहे," मी म्हटलं. "चपला काढतेय."

"मग बोलवा की," म्हातारी म्हणाली.

मी दाराकडे वळलो. हिला मी कधी नावाने हाक मारली नाही, आणि इतक्या वर्षांत कुठेही आधी मी आत जायचो आणि ही आपली आपण मागून यायची, बोलवायची वेळच आली नव्हती. आता आवाज कसा काढायचा तेच कळेना.

"अगं," मी म्हटलं, "ये ना आत."

मुलीने तोंडाला पदर लावला. मग ती बाजूला सरकली. दारातून एक माणूस जाईल एवढी जागा करून ती भिंतीशी उभी राहिली. बाहेर गल्लीत टापा वाजत होत्या, त्या लांब गेल्या. म्हातारीची नजर दाराशी होती. तिथून ती सावकाश आत यायला लागली, पाय सुजलेलं माणूस जितक्या वेळात ती पायरी उतरून येईल तितक्या सावकाश, आणि स्टुलापाशी येऊन थांबली.

"बस," म्हातारी स्टुलाला म्हणाली. मग थोडा वेळ गेला. "आणलास शेवटी त्याला. आता सांगते." तिने खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकले. "रडली."

आम्ही सगळे रडलं म्हणत आलो होतो. मूल रडलं. शेवटच्या एका अक्षराएवढाच फरक. चाळीस वर्षं असली अक्षरं बोटांनी उचलली, एकाही खिळ्याचं असं वजन लागलं नव्हतं.

"तुला बरोबर ऐकू आलं होतं," म्हातारी सांगत होती. "घोडं नव्हतं गं ते. चांगली रडली. दोनदा."

मला विचारायचं नव्हतं. पण विचारलं. "किती वेळ होती?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती स्टुलाकडे थोडी पुढे वाकली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की आधीच्या बाईचा तो वाटेना. "दिवे लागेपर्यंत होती," ती म्हणाली. "तुझ्याच कुशीत ठेवली होती, तू झोपेत होतीस. तुझं बोट धरलं होतं तिने. सोडवायला लागलं."

मग ती हिला पुढचं सांगत राहिली, केस कसे होते, रंग कसा होता. स्टूल एकच होतं. मी उभाच राहिलो.